नाटकाचे संवाद थेट चष्म्यात!

ऐकू कमी येत असेल तर नाटक कसं बघायचं? लंडनच्या नॅशनल थिएटरने २०१८ मध्ये यावर भन्नाट उपाय आणला: कॅप्शन दाखवणारा स्मार्ट चष्मा.

एपसन कंपनीचा हा एआर (ऑगमेंटेड रिअॅलिटी, म्हणजे समोरच्या दृश्यावरच मजकूर दाखवणारा) चष्मा घातला की संवाद डोळ्यांसमोरच उमटतात. अक्षरांचा आकार, रंग, जागा आपण ठरवायची.

खरी करामत सॉफ्टवेअरची. संहिता त्यात आधीच भरलेली असते. नटांचं बोलणं, प्रकाश आणि ध्वनीचे संकेत यांचा माग घेत ते नेमक्या क्षणी ओळ दाखवतं.

एरवी कॅप्शन रंगमंचाशेजारच्या पाटीवर येतात, तेही ठरावीक प्रयोगांनाच. नजर सारखी पाटीकडून नटाकडे. चष्म्यात मात्र शब्द आणि अभिनय एकाच नजरेत!

ऐकू येत नाही म्हणून नाटक सोडलेल्या प्रत्येकापर्यंत हे पोहोचवा.