न्यायासनाआधीची तीन वर्षं

मोरा बंदरातून लाँच धरायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचं आणि फोर्टातलं उच्च न्यायालय गाठायचं, हा प्रवास उरणकरांना नवा नाही. भूसंपादनाचा मोबदला, जमीन गेलेल्यांना परतावा म्हणून मिळणारे साडेबारा टक्क्यांचे भूखंड, वारसांचे वाद अशा प्रकरणांसाठी इथल्या माणसांनी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, त्या पक्षकार म्हणून. मोऱ्याच्या कोळीवाड्यातली मुलगी न्यायाधीश म्हणून न्यायासनावर बसू शकते का? नक्कीच बसू शकते. मात्र त्यासाठी परीक्षेच्या अभ्यासाइतकंच मोल आहे ते परीक्षेआधी तिला हाताशी धरून शिकवणाऱ्या माणसाला.

स्त्रियांसाठी हा दरवाजा फार उशिरा उघडला. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी हातात पडली १९२२ मध्ये. भारतात स्त्रियांना वकिली करण्यास आडकाठी नाही, हे कायद्याने स्पष्ट झालं १९२३ मध्ये. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात पहिली स्त्री न्यायमूर्ती यायला १९७८ साल उजाडलं. त्या सुजाता मनोहर.

मनोहर यांनी १९५८ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. व्यापारी दावे हे त्यांचं मुख्य काम. त्याबरोबर गरजूंचे कौटुंबिक खटलेही त्या विधी साहाय्य योजनेतून चालवत. १९९४ मध्ये त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायमूर्ती झाल्या आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध १९९७ मध्ये ‘विशाखा’ निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींच्या पीठात त्या होत्या. आज कार्यालयांत दिसणाऱ्या तक्रार समित्यांचं मूळ त्या निकालात आहे.

मनोहर यांचे वडील कांतिलाल देसाई गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. न्यायालयाचं वातावरण त्यांना घरातूनच परिचयाचं होतं. पहिल्या पिढीतल्या मुलीला ते बाहेरून मिळवावं लागतं, आणि ते देणारं कुणीतरी लागतं.

महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाची भरती लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होत आली आहे. १०० गुणांची पूर्व परीक्षा, २०० गुणांची मुख्य परीक्षा आणि ५० गुणांची मुलाखत. मराठी अस्खलित हवी आणि मराठी-इंग्रजी भाषांतर दोन्ही बाजूंनी सहज जमायला हवं. तालुक्याच्या शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलीचं हे बळच आहे.

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. अट रास्त आहे. कैफियत कशी लिहावी, उलटतपासणीत साक्षीदाराला कुठे थांबवावं, तारखेमागून तारीख पडते तेव्हा पक्षकारावर काय गुजरते, हे पुस्तकातून कळत नाही. पण नव्या वकिलाच्या हातात या काळात पैसा फार थोडा येतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत, असं सुचवलं. ही शिफारस आहे, सक्ती नाही. घरून ‘आता लग्नाचं बघू’ असा तगादा सुरू होतो तो नेमका याच वर्षांत. इथे आधार तुटला, तर हुशार मुलगी परीक्षेपर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून मार्गदर्शन म्हणजे वर्षातून एकदा सत्कार आणि भाषण नव्हे. ज्युनियरला केवळ तारखा घ्यायला न पाठवता छोट्या अर्जावर स्वतः युक्तिवाद करू देणं, तिने लिहिलेला मसुदा तिच्यासमोर दुरुस्त करणं, परीक्षेच्या तोंडावर तिला सुट्टी देणं, हे खरं मार्गदर्शन. निवृत्त न्यायाधीशांच्या अनुभवाचाही इथे उपयोग आहे. न्या. मृदुला भाटकर यांनी ‘हे सांगायला हवं’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. न्यायासनावरच्या माणसाचं मन इच्छुक मुलींना त्यातून आपल्या भाषेत वाचता येतं.

उरण, पनवेल आणि अलिबागच्या ज्येष्ठ वकिलांना एकच विनंती आहे. घरात कुणीही वकील नसलेली एक तरी मुलगी यंदा ज्युनियर म्हणून घ्या, तिला सन्मानाने मानधन द्या आणि तीन वर्षं तिच्या पाठीशी उभे राहा. पुढची परीक्षा ती स्वतःच्या बळावर देईल.