तलावाचा वास काय सांगतो?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की जलतरण तलावांवर गर्दी उसळते. पहाटे स्पर्धेची तयारी करणारी मुले, त्यांच्या पाठोपाठ गुडघेदुखीने बेजार झालेले आजी-आजोबा, दुपारी शिकाऊ मुलांच्या तुकड्या आणि संध्याकाळी नोकरदार मंडळी. वेळा वेगळ्या असल्या तरी पाणी सर्वांना एकच! ऑलिंपिक मापाचा तलाव ५० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद असतो. खोली २ मीटर धरा. म्हणजे सुमारे २५ लाख लिटर पाणी झाले. एवढे पाणी रोज बदलणे कोणत्याही नगरपालिकेला परवडणारे नाही. तेच पाणी गाळून, क्लोरिन घालून पुन्हा पुन्हा वापरावे लागते. म्हणूनच तलावाचे आरोग्य हा सर्वांचा सामायिक प्रश्न आहे.

सार्वजनिक तलाव हा काही केवळ खेळाडूंचा नसतो आणि केवळ हौशी लोकांचाही नसतो. पुण्याजवळ म्हाळुंगे-बालेवाडीची क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभी राहिली. २००८ साली तेथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही झाल्या. स्पर्धा संपल्या, तरी तलाव राहिला आणि स्पर्धकांप्रमाणेच सर्वसामान्य नागरिकही त्यात पोहू लागले. असे तलाव किती मोलाचे असतात, हे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर यांच्याकडे पाहून कळावे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कायमचे जायबंदी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक पटकावले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण! औषध आणि क्रीडा एकाच पाण्यात कशी नांदतात, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले तरी गुडघ्यांवरचा भार जवळजवळ निम्म्याने कमी होतो. त्यामुळे संधिवात, स्थूलपणा किंवा पाठदुखी असलेल्यांना मी आवर्जून तलावाची वाट दाखवतो. पण ही वाट दाखवताना एक गोष्टही सांगतो, ती पाण्याच्या वासाची.

‘डॉक्टर, तलावाला क्लोरिनचा चांगला उग्र वास येतो, म्हणजे पाणी स्वच्छ असणार,’ असे अनेकजण समाधानाने सांगतात. खरी गोष्ट नेमकी उलट आहे. योग्य प्रमाणात क्लोरिन असलेल्या स्वच्छ पाण्याला वास अगदी मंद असतो. क्लोरिनची गाठ घाम, लघवी, अंगाचा मळ आणि तेल यांच्याशी पडते, तेव्हा क्लोरामाइन नावाची द्रव्ये तयार होतात. नाकात शिरणारा उग्र वास त्यांचा. डोळे चुरचुरणे, नाक गळणे, घसा खवखवणे हेही बहुतांशी त्यांचेच प्रताप. शिवाय असे क्लोरिन या कामात खर्ची पडले की जंतू मारण्यासाठी कमी उरते.

यातील सर्वांत त्रासदायक द्रव्य वायुरूपाने पाण्यातून बाहेर पडते आणि पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थरात साचते. पोहणारा श्वास घेतो तो नेमका तिथेच! बंदिस्त तलावात हवा खेळती नसली तर हा त्रास अधिक. अर्धा तास डुंबून घरी जाणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. मात्र रोज चार-चार तास सराव करणाऱ्या मुलांच्या श्वासनलिका त्याची किंमत मोजतात. स्पर्धात्मक जलतरणपटूंमध्ये दम्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते, हे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसून आले आहे.

माझ्याकडे अशीच एक तेरा वर्षांची मुलगी आली होती. राज्य स्पर्धा तोंडावर आलेली आणि सरावानंतर खोकल्याची उबळ, छातीत शिट्टीसारखा आवाज. वडिलांनी ठरवूनच टाकले होते, पोहणे बंद! मुलगी रडकुंडीला आली होती. फुप्फुसांची तपासणी करून औषधाचा पंप सुरू केला आणि पोहणे सोडण्याची गरज नाही, हे वडिलांना समजावले. दम्याच्या बऱ्याच रुग्णांना पोहणे मानवते, कारण दमट हवेत श्वासनलिका कोरड्या पडत नाहीत. पण मी एक प्रश्न विचारला, ‘तुमच्या तलावावर उतरण्यापूर्वी किती जण अंघोळ करतात?’ मुलगी म्हणाली, ‘काका, तिथले शॉवर महिनाभर बंदच आहेत.’ पालकांनी एकत्र जाऊन व्यवस्थापनाकडे आग्रह धरला, नळ दुरुस्त झाले, अंघोळीशिवाय प्रवेश नाही असा नियम लागला. औषधाला नियमाची जोड मिळाली आणि मुलगी स्पर्धेत उतरली.

यात लाजेचा आणखी एक विषय आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली एक युक्ती केली. शीतपेयांत वापरला जाणारा एक कृत्रिम गोडवा शरीरात न पचता लघवीवाटे बाहेर पडतो. तलावातील त्याचे प्रमाण मोजून त्यांनी हिशेब मांडला, तो असा की सुमारे ८ लाख ३० हजार लिटरच्या तलावात ७५ लिटर लघवी! तेव्हा हा दोष केवळ आपल्याकडचा नाही, एवढेच समाधान.

जुलाबाचे दुखणे याहून गंभीर. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या क्लोरिनलाही दाद देत नाही, तो पाण्यात अनेक दिवस तग धरतो. जुलाब होत असलेल्या मुलाला ‘फी भरली आहे’ म्हणून तलावात पाठवणे म्हणजे शेकडो लोकांना आजार वाटणे होय. या परजीवीचे निदान झाले असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात उतरू नये.

वाचकहो, पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

१. पोहण्यापूर्वी शौचालयास जाऊन या आणि किमान एक मिनिट अंघोळ करा. अंगाला तेल, पावडर, क्रीम लावून उतरू नका. टोपी व पोहण्याचाच पोशाख वापरा.

२. लहान मुलांना दर तासाला बाहेर काढून लघवीला न्या.

३. तलावाचे पाणी तोंडात घेऊ नका. उघडी जखम, त्वचारोग, कान वाहणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

४. तलावाचा तळ स्वच्छ दिसत नसेल तर उतरू नका. अशा पाण्यात बुडणारा माणूसही जीवरक्षकाला दिसत नाही.

५. पाण्यातील मुक्त क्लोरिन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८ असावा. ही नोंद रोज फलकावर लिहिली जाते का, हे विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.

६. सरावानंतर वारंवार खोकला किंवा धाप लागत असेल तर ‘सर्दी असेल’ म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या.

तलाव बांधायला पैसा लागतो, तो राखायला मात्र शिस्त लागते. आपली एका मिनिटाची अंघोळ हे पलीकडच्या रांगेत सराव करणाऱ्या मुलाच्या फुप्फुसांसाठी सर्वांत स्वस्त औषध आहे.