गावी परतायचे, पण कशाच्या भरवशावर?



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचे कोणी ना कोणी मुंबईच्या बाजूला आहे. कोणाचा धाकटा भाऊ, कोणाची लेक-जावई, कोणाचे तर अख्खे बिऱ्हाड. दुष्काळाच्या साली ही माणसे बोचके बांधून गेली. जाताना प्रत्येकाने हेच सांगितले, "पाऊसपाणी झाले की येतो." पाऊस झाला, पाणीही झाले, पण माणसे आली नाहीत. काही आली आणि पुन्हा गेली. असे का होते, याचा विचार आपण आज करू.

गेल्या महिन्यात मी भाईंदरला गेलो होतो. मीरा-भाईंदर हे मुळात मिठागरांचे, भातशेतीचे आणि कोळ्यांचे ठिकाण. उत्तनच्या किनाऱ्याला आजही मासेमारीच्या होड्या लागतात. येथे १९८५ साली नगर परिषद आणि २००२ साली महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत येथील वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती आठ लाखांवर गेली. वीस वर्षांत वाढलेली ही माणसे काही आभाळातून पडली नाहीत. देशाच्या कानाकोपऱ्यांतून ती आली, आणि त्यांत आपल्या कोरडवाहू जिल्ह्यांतलीही पुष्कळ आहेत. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी करणारे छोटे कारखाने आहेत. तेथे पॉलिशच्या कामाला, इमारतींच्या कामाला, नाक्यावरच्या रोजंदारीला ही माणसे लागतात.

एका कुटुंबाची हकीकत

मी ज्यांच्याकडे गेलो ते कुटुंब जालना जिल्ह्यातले. माझ्या नोकरीच्या काळात त्यांच्या बांधावर मी अनेकदा गेलेलो आहे. अडीच एकर जमीन, त्यात एक एकर मोसंबी. २०१२-१३ चा दुष्काळ आपल्याला आठवत असेलच. त्या साली जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. यांनी आधी टँकरने पाणी घालून पाहिले. पुढे पैसा संपला आणि पोटच्या पोराप्रमाणे वाढवलेली झाडे कुऱ्हाडीने तोडून सरपणाच्या भावाने विकली. त्याच वैशाखात नवरा-बायको दोन लेकरांना घेऊन भाईंदरला आली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. कारखाना बंद, नाका बंद, खोलीचे भाडे मात्र चालू. त्या दिवसांत लोक कसे निघाले ते आपण पाहिले आहे. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. जालन्याच्या कारखान्यांत काम करणारी ती मध्य प्रदेशची माणसे होती आणि घरीच निघाली होती. आमचे हे कुटुंबही त्याच महिन्यात एका टेम्पोतून गावी पोचले. वेशीवर बोरी-बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या. चौदा दिवस त्यांनी शाळेच्या खोलीत काढले. चुलतभाऊ लांबूनच भाकरी ठेवून जायचा.

आता जे सांगतो ते मला कमीपणा आणणारे आहे, पण सांगितले पाहिजे. त्या जूनमध्ये मी गावात गेलो, आणि परत आलेल्या तरुणांना गोळा करून म्हणालो, "आता आलाच आहात तर राहा. काळी आई कोणाला उपाशी ठेवत नाही." वाक्य चांगले होते, लोकांना आवडलेही. परंतु तुमच्या विहिरीला उन्हाळ्यात किती पाणी असते, हातात किती पैसा आहे, बियाणे तपासले आहे का, हे मी एकालाही विचारले नाही.

या गृहस्थांनी माझ्या शब्दावर सोयाबीन पेरले. त्या साली सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी मराठवाडाभर झाल्या, त्यांत यांचेही रान होते. उसनवारी करून दुबार पेरणी केली. जे आले ते काढणीच्या वेळच्या अतिवृष्टीने शेतात भिजले. डिसेंबरात ते पुन्हा भाईंदरला गेले. पहिल्या वेळी ते दुष्काळाने गेले होते. दुसऱ्या वेळी जाण्यात माझाही हात होता.

बाईंनी विचारलेला प्रश्न

चहा झाल्यावर त्या घरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, सासूबाई आता थकल्या. त्या म्हणतात, या पाडव्याला घरी या. ह्यांचं मन बी तिकडंच आहे. तुम्ही सांगा, जावं का?"

मी म्हणालो, "ताई, मागच्या वेळी मी न विचारता सांगितले. या वेळी आधी तुम्ही सांगा. काय असले तर तुम्ही जाल?"

त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. "एक, जेठात प्यायला पाणी पाहिजे. इथं नळाला कमी येतं, पण येतं. तिथं हंडा घेऊन मैलभर मी नाही जायची. दोन, पोरगी दहावीला आहे, तिची शाळा मोडायची नाही. तीन, दिवाळीपर्यंत घर चालंल एवढं जवळ पाहिजे, मागच्यावाणी उसनं नको. आणि चार..." येथे त्या थांबल्या आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "जमिनीत माझं नाव लागलं पाहिजे. झाडं मी बी वाढवली होती."

वाचकहो, मी तीस वर्षे या खात्यात काढली, परंतु परतीचा आराखडा इतक्या थोडक्या शब्दांत मला कोणी सांगितला नव्हता.

संकटाने घर सोडावे लागलेल्या माणसांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९८ साली काही मार्गदर्शक तत्त्वे मांडली. त्यांत म्हटले आहे की, परतणे हे माणसाच्या स्वतःच्या मर्जीने, सुरक्षितपणे आणि मानाने झाले पाहिजे; आणि कोणाला दुसरीकडे वस्ती करायची असेल तर तीही त्याच्या मर्जीनेच. बाईंच्या चार अटींचा अर्थ याहून वेगळा नाही. परत येणे हे पुण्य नव्हे आणि न येणे हे पाप नव्हे. प्रश्न भरवशाचा आहे.

पूर्वी काय झाले

१९७२ च्या दुष्काळात लोकांना गावाजवळ धरून ठेवले ते कामाने. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे कष्टाचे होते, पण चूल पेटत होती. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यासाठी शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. म्हणजे खेड्यातल्या माणसाला खेड्यात काम मिळावे म्हणून शहरानेही पैसा मोजला. ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

पाण्याचेही तसेच. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि त्याच उन्हाळ्यात मराठवाड्यातली कुटुंबे घाटकोपरच्या मैदानात पाले ठोकून राहिली. परंतु उलट उदाहरणेही आपल्याकडेच आहेत. हिवरे बाजार या नगर जिल्ह्यातल्या गावाने (आजचा अहिल्यानगर जिल्हा) पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने चर खणले, झाडे लावली, चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर घेणे थांबवले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. रोजगारासाठी बाहेर पडलेली कित्येक कुटुंबे त्या गावी परत आली. जालना जिल्ह्यातलेच कडवंची घ्या. तेथे १९९६ पासून पाणलोटाचे काम झाले, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने साथ दिली, घरोघर शेततळी झाली. ज्या २०१२-१३ साली आमच्या या कुटुंबाने मोसंबी तोडली, त्याच साली कडवंचीच्या द्राक्षबागा शेततळ्यांच्या पाण्यावर उभ्या होत्या. जिल्हा तोच होता आणि दुष्काळही तोच. फरक पडला तो गावाने आधी केलेल्या कामाने.

परतण्यापूर्वी हे पाहावे

ज्यांच्या मनात गावी येण्याचा विचार आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगतो. घरच्यांनी हा भाग त्यांना वाचून दाखवावा.

पहिली गोष्ट, सगळ्या बिऱ्हाडाने एकदम येऊ नये. घरातल्या एकाने आधी यावे, आणि तेही वैशाख-ज्येष्ठात. श्रावणात सगळीच गावे हिरवी दिसतात. विहिरीत दोर सोडून पाणी मोजावे, उपसल्यावर किती वेळात भरते ते पाहावे, आणि त्यावरून पीक ठरवावे. उन्हाळ्यात पाण्याची खात्री नसेल तर फळबागेचा विचार तूर्त सोडावा.

दुसरी गोष्ट, कागद. वडील वारले असतील तर वारसाची नोंद झाली आहे का ते सातबाऱ्यावर पाहावे. जमीन बटईने दिली असेल तर पीक पाहणीला कोणाचे नाव लागते आहे ते तपासावे. २०२१ पासून आपल्याकडे ई-पीक पाहणी आहे. आपल्या पिकाची नोंद आपणच करायची असते. नोंद नसेल तर नुकसानीच्या वेळी अडचण येते. जमिनीत पत्नीचे नाव लावण्यासाठी शासनाची लक्ष्मीमुक्ती योजना आहे. तलाठ्याकडे जाऊन चौकशी करावी. यात घराण्याची अब्रू जात नाही, उलट घर बांधले जाते.

तिसरी गोष्ट, गाठीला पैसा. एका हंगामाचे बी-खत आणि घराचा पीक हाती येईपर्यंतचा खर्च, एवढे हातात असल्याशिवाय शहरातले काम पूर्ण सोडू नये. पहिल्या वर्षी सगळी जमीन एका पिकाखाली घालू नये. सोयाबीनबरोबर तुरीच्या ओळी ठेवाव्यात.

चौथी गोष्ट, बियाणे. हे मी २०२० ची आठवण ठेवून सांगतो. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, गोणपाट ओलसर राखा. आठवड्याभरात सत्तर किंवा अधिक दाणे चांगले उगवले तरच ते बी पेरावे. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये.

पाचवी गोष्ट, मुले आणि रेशन. शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला नव्या शाळेत प्रवेश अडवता येत नाही; २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसे स्पष्ट आहे. मात्र दहावी-बारावीचे वर्ष मधेच मोडू नये. अन्नसुरक्षा योजनेच्या गावच्या शिधापत्रिकेवर शहरातही धान्य घेता येते. तेव्हा कुटुंब दोन ठिकाणी असले तरी कार्डावरची नावे आणि आधारची जोडणी नीट ठेवावी.

गावात राहिलेल्यांना चार शब्द

आता आपल्याशी, म्हणजे गावात राहिलेल्यांशी बोलतो. परत येणाऱ्याला आपण कसे घेतो? "शहरात निभाव लागला नाही म्हणून आला" असे पारावर बोलले जाते. ते त्याच्या कानी जाते, त्याच्या बायकोच्या कानी तर आधी जाते. बांध कोरलेला असतो, वाट अडवलेली असते, विहिरीतली पाण्याची पाळी गेलेली असते. २०२० साली वेशीवर टाकलेल्या काट्या रोगाच्या भीतीने टाकल्या होत्या आणि त्या निघाल्या. या दुसऱ्या काट्या आपण केव्हा काढणार? परतलेल्याची पाण्याची पाळी ग्रामसभेसमोर पुन्हा ठरवून द्यावी, आणि रोजगार हमीच्या कामावर त्याचे नाव नोंदवायला सोबत जावे. तो पॉलिशचे, वायरिंगचे, गवंड्याचे काम शिकून आला आहे. गावात त्या कामाचा त्यालाही उपयोग आहे आणि आपल्यालाही.

आणि एक विनंती. शहरातल्या आपल्या माणसांना फोन कराल तेव्हा मायेपोटी खोटे सांगू नका. "सगळे चांगले आहे, या" असे मीही एकदा सांगितले होते. पाणी किती हात आहे, कर्ज किती आहे, काम किती दिवस मिळते, हे जसे असेल तसे सांगा.

भाईंदरच्या त्या घरात शेवटी असे ठरले की, पाडव्याला सगळ्यांनी गावी जायचे ते सणापुरते, सासूबाईंना भेटायला. मुलीची परीक्षा होईपर्यंत बाई आणि मुले येथेच राहतील. गृहस्थ वैशाखात एकटे जाऊन विहीर पाहतील, तलाठ्याकडे जातील आणि पहिल्या वर्षी एकच एकर स्वतः कसतील. मी त्यांच्याबरोबर विहिरीवर जाण्याचे कबूल केले आहे.

निघताना बाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, हिरीत पाणी किती ते तुम्ही स्वतः बघून मला सांगा. ह्यांना नका सांगू, हे लगेच हो म्हणतील."

मी स्वतः पाहीन, आणि जेवढे दिसेल तेवढेच सांगेन.