लाल खड्याखालचं गुपित

मुलांनो, आज वाचायच्या आधी थोडा उद्योग करायचा आहे. लाल जिलेटीन कागद आणि चॉकलेटवरची चांदी शोधून आणा. जिलेटीनच्या चार घड्या करून ती काळ्या पुठ्ठ्यावर ठेवा. काय दिसतं? नुसतं काळपट! आता तीच घडी चांदीवर ठेवा. लाल रंग कसा पेटला बघा! मग चांदी जाड वहीवर पसरून, शाई संपलेल्या बॉलपेनने तिच्यावर आडव्या-उभ्या बारीक रेघा दाबा, वर घडी ठेवा आणि हळूच तिरपी करा. लाली लुकलुकायला लागेल.

हे गुपित इंग्लंडमधल्या सोनारांना चौदाशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

१९३९ सालची गोष्ट. दुसरं महायुद्ध तोंडावर आलं होतं. इंग्लंडच्या सफोक परगण्यात सटन हू इथे एडिथ प्रीटी या बाईंच्या जमिनीवर मातीचे मोठे उंचवटे होते. ते खणायला त्यांनी बेझिल ब्राउन यांना बोलावलं. ब्राउन यांची शाळा बाराव्या वर्षीच सुटली होती. पुराणवस्तूंची विद्या ते आपली आपण शिकले होते. त्यांना मातीखाली सत्तावीस मीटर लांबीचं जहाज सापडलं. म्हणजे लाकूड केव्हाच कुजलं होतं, उरले होते लोखंडी खिळे आणि वाळूत उमटलेला जहाजाचा ठसा. हे सातव्या शतकातल्या बड्या माणसाचं, बहुधा रेडवाल्ड राजाचं, दफन होतं. त्यात सोन्याचे जे दागिने निघाले, त्यांत चार हजारांवर लाल खडे जडवलेले होते.

हे लोक अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जर्मानिक वंशाचे. त्यांचा लाडका खडा म्हणजे गार्नेट, आपल्याकडचा तामडा. गंमत म्हणजे, पाचव्या-सहाव्या शतकांत युरोपात असे जे दागिने घडले, त्यांतले पुष्कळ तामडे भारतातून आणि श्रीलंकेतून गेलेले होते, असं शास्त्रज्ञांनी खडे तपासून ठरवलं आहे. सातव्या शतकापासून मात्र बोहेमियातले लहान खडे जास्त दिसू लागतात.

आज काही हौशी आणि काही जाणते कारागीर असे दागिने पुन्हा हातांनी घडवून बघतात. समजा, तुम्हीच करायला बसलात. सोन्याच्या पत्र्यावर सोन्याच्या बारीक पट्ट्या उभ्या झाळून छोटी-छोटी घरं करायची. हीच खड्यांची कोंदणं. काही घरं पायऱ्यांसारखी, काही चक्क अळंबीच्या आकाराची! झाळायचं काम आधी सगळं उरकायचं, कारण खडा आगीजवळ नेणं धोक्याचं. मग तामड्याची जेमतेम एक मिलिमीटर जाडीची चकती काढायची. जाड राहिली तर काळी दिसते, फार पातळ केली तर हातात तुटते. ती कुरुंदाच्या भुकटीवर पाणी घालून घासत घासत घराच्या मापाला आणायची. सोनं मऊ, दाबलं की वाकतं. तामडा मुळीच वाकत नाही. खडा केसभर मोठा राहिला तर दाबताना तडकतो, केसभर लहान झाला तर घरंगळतो. एक खडा फुटला की पुन्हा पहिल्यापासून घासा! आणि असे खडे चार हजार, हे विसरू नका.

पण खरी करामत खड्याच्या खाली आहे. तिथे सोन्याचा पातळ पत्रा असतो, आणि त्यावर ठशाने उठवलेली बारीक जाळी. आपल्याकडच्या जडावातही खड्याखाली असा पत्रा घालतात, त्याला डाक म्हणतात. तुमची पट्टी काढा आणि एक मिलिमीटर बघा. तेवढ्यात या जाळीच्या तीन-चार रेघा बसतात! आजचे कारागीर असा ठसा कोरायला भिंगाखाली बसतात. त्या काळी तो कसा कोरला, यावर जाणकार अजून वाद घालतात.

त्याच खजिन्यातल्या खांद्यावरच्या आकड्यांवर रंगीत काचेचे चौकोनही आहेत. रंगीत काचेच्या कांड्या एकत्र वितळवून लांब ओढायच्या आणि मग त्यांच्या चकत्या कापायच्या. अळूवडीच्या उंड्याचे काप करावेत तशा! प्रत्येक चकतीवर तीच नक्षी.

एवढा खटाटोप करून जुनीच वस्तू पुन्हा का घडवायची? त्याचं उत्तर चिल्डरिकच्या मधमाश्या देतात. हा फ्रँक लोकांचा राजा ४८१ च्या सुमारास वारला. त्याची कबर १६५३ मध्ये आजच्या बेल्जियममधल्या टूर्ने गावी सापडली, आणि तीत तामड्याच्या पंखांच्या सोन्याच्या सुमारे तीनशे मधमाश्या होत्या. १८३१ मध्ये पॅरिसच्या ग्रंथालयातून चोरांनी हा खजिना पळवला आणि बराचसा वितळवून टाकला. मधमाश्या उरल्या फक्त दोन. नशीब एवढंच, की शिफ्ले या विद्वानाने १६५५ मध्येच या वस्तूंचं चित्रांसह पुस्तक छापलं होतं. त्या चित्रांवरून कारागिराला पंखाचा आकार मिळतो. पण खडा किती जाड होता, हे चित्रात कुठून दिसणार? त्यासाठी त्या दोन मधमाश्यांकडेच जावं लागतं.