पहिला फोन कुणाला?

नोव्हेंबर २०१५च्या अखेरीस मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका चर्चमधून तेरा वर्षांचा मुलगा घरी आला आणि चर्चच्या फादरनी आपल्यावर लैंगिक अत्याचार केल्याचं त्याने आईला सांगितलं. कुटुंब गरीब, श्रद्धाळू. त्यांनी दार ठोठावलं ते आपल्या धर्मप्रांताच्या प्रमुखाचं, मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांचं. बाप्तिस्म्यापासून अंत्यविधीपर्यंत ज्यांचं सगळं चर्चच्या अंगणात होतं, त्या माणसांनी आधी तिथेच जाणं स्वाभाविक होतं. कार्डिनल त्याच रात्री रोमला निघणार होते. त्यांनी कुटुंबाचं ऐकून घेतलं, त्यांच्यासाठी प्रार्थना केली, पुढचं साहाय्यक बिशपांकडे सोपवलं. पोलिसांना मात्र त्यांनी कळवलं नाही. पोलिसांकडे कुटुंब स्वतःच गेलं.

त्या फादरला अटक झाली. डिसेंबर २०२१ मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखालच्या मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. त्याचं नाव आणि चर्चचं नाव मी इथे देत नाही. पॉक्सो कायद्याचं कलम २३ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, आणि एवढ्याशा वस्तीत चर्चच्या नावावरून घर शोधायला वेळ लागत नाही.

या प्रकरणाकडे जगाचं लक्ष गेलं ते फेब्रुवारी २०१९ मध्ये. अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये जगभरच्या बिशपांची चार दिवसांची बैठक बोलावली होती, आणि तिच्या आयोजकांपैकी एक कार्डिनल ग्रेशियस होते. पोपच्या सल्लागार कार्डिनल मंडळाचे ते तेव्हा सदस्य होते, भारतीय बिशप परिषदेचे अध्यक्षही. त्याच आठवड्यात बीबीसीने या कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली. आपण हे प्रकरण अधिक चांगल्या रीतीने हाताळू शकलो असतो, पोलिसांना लगेच सामील करून घ्यायला हवं होतं, असं कार्डिनलनी त्या वेळी मान्य केलं. हे जाहीरपणे मान्य करायला धैर्य लागतं, आणि ते मी नाकारणार नाही. पण त्यांनी दिलेलं एक स्पष्टीकरण मला त्या कबुलीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारून आरोपात किती तथ्य आहे हे पाहणं आपलं कर्तव्य होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझ्या मते संस्थांचं गाडं याच ठिकाणी अडतं. आधी आपण खात्री करू, मग बघू. वरवर हे समंजसपणाचं वाटतं. पण या ‘आधी’च्या काळात आरोपी सावध होतो, वैद्यकीय पुरावा पुसट होतो, मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागतं, आणि कुणीतरी वडीलधारं माणूस घरी येऊन ‘बदनामी कुणाची होणार?’ असं विचारून जातं.

१४ नोव्हेंबर २०१२ला, बालदिनी, लागू झालेल्या पॉक्सो कायद्याने ही मोकळीक ठेवलेलीच नाही. कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळेल, किंवा घडण्याची धास्ती वाटेल, त्या कुणाही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. धर्मगुरूला यातून सूट नाही. वकिलाशी झालेल्या बोलण्याला आपल्या पुरावा कायद्यात जे संरक्षण आहे, तसं पापनिवेदनाला देणारं कलम त्या कायद्यात नाही.

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारी पट्ट्यात, निगडी-आकुर्डीच्या माणसाला हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. कारखान्यात अपघात होऊन कामगार अठ्ठेचाळीस तास कामावर येऊ शकला नाही, तर मॅनेजरला कारखाना निरीक्षकाकडे सूचना द्यावी लागते. १९४८च्या कारखाना अधिनियमात ते कलम ८८ होतं. चूक मशीनची की माणसाची, हे आधी ठरवून मग कळवू, असं मॅनेजर म्हणू शकत नाही. ठरवणारा वेगळा आणि कळवणारा वेगळा. ज्या शिस्तीत टेल्को आणि बजाजमधल्या दोन पिढ्या वाढल्या, ती शिस्त मुलाच्या शरीराबाबत मागताना आपण का कचरतो?

कचरण्यामागे एक कारण आदराचं आहे, आणि तो आदर खोटा नाही. मराठी माणसाच्या मनातला फादर म्हणजे १६१६ मध्ये छापून आलेल्या ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स, वसईच्या हिरवाईसाठी दांडग्यांशी भिडलेले आणि उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, आणि पुढच्या काळात पाळ्यांमध्ये काम करणारी कुटुंबं या पट्ट्यात राहायला आली. त्यांतल्या कितीतरी घरांनी मुलांसाठी ‘कॉन्व्हेंट’चं स्वप्न पाहिलं. त्यांतली बहुसंख्य ख्रिस्ती नव्हती. शिस्त आणि इंग्रजी हवं होतं, आणि फादर-सिस्टर म्हटलं की मूल सुरक्षित, असा विश्वास होता. बहुतेक ठिकाणी तो सार्थही ठरला. पण विश्वास जितका मोठा, तितकं मुलाला बोलणं अवघड जातं. आपल्या आईवडिलांनी ज्याच्यापुढे हात जोडले, त्याच्याविरुद्ध ते बोलणार कुणाकडे? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतल्या मुलांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला होता, आणि निम्म्या प्रकरणांत अत्याचार करणारा ओळखीचा किंवा विश्वासातला होता.

कॅथलिक चर्चच्या बाबतीत जगाला हादरा बसला तो एकेका गुन्हेगार धर्मगुरूमुळे नव्हे, तर त्याला सांभाळून घेणाऱ्या कारभारामुळे. जानेवारी २००२ मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ने जॉन गेगन या धर्मगुरूची कागदपत्रं बाहेर काढली. तीस वर्षांच्या काळात त्याने लहानपणी आपल्यावर अत्याचार केल्याचं शंभरांहून अधिक जणांनी सांगितलं होतं, आणि तक्रारी येऊनही त्याला नव्या धर्मग्रामात पाठवलं जात होतं. नव्या ठिकाणच्या पालकांना काहीच माहीत नसायचं. त्या वर्षी डिसेंबरमध्ये कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना बॉस्टनचं पद सोडावं लागलं. २००४ मध्ये मात्र रोममधल्या एका प्रमुख बॅसिलिकाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. अमेरिकी बिशपांनीच करवून घेतलेल्या २००४च्या अभ्यासात १९५० ते २००२ या काळातल्या ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप झाल्याचं आढळलं. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्युरीने सहा धर्मप्रांतांची दप्तरं तपासली तेव्हा तीनशेहून अधिक धर्मगुरू आणि हजाराहून अधिक मुलं समोर आली. फ्रान्समध्ये स्वतंत्र आयोगाने २०२१ मध्ये दिलेला अंदाज तर १९५० पासून २,१६,००० मुलांचा होता. या साऱ्या अहवालांत पुन्हा पुन्हा दिसतं ते एकच: बदली, उपचारासाठी सुट्टी, बंद कपाटातली फाईल.

ही बदली समुद्रापारही होते. उटीच्या धर्मप्रांतातला जोसेफ जेयपॉल हा धर्मगुरू २००४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला कामासाठी गेला. तिथे त्याच्यावर अल्पवयीन मुलींच्या लैंगिक छळाचे आरोप झाले; तो भारतात परतला, प्रत्यार्पणाने परत नेला गेला आणि २०१५ मध्ये त्याने एका मुलीच्या बाबतीत न्यायालयात गुन्हा कबूल केला. शिक्षा भोगून तो भारतात आल्यावर, २०१६ मध्ये, उटीच्या बिशपांनी व्हॅटिकनशी विचारविनिमय करून त्याचं निलंबन उठवलं. धर्मगुरू नेमताना आपल्याकडच्या भाविकाला कधीच विचारलं जात नाही, ही गोष्ट या निर्णयाने मला जितकी बोचली तितकी दुसऱ्या कशानेच नाही.

आपल्या देशातलं सर्वांत बोलकं प्रकरण केरळचं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये कन्नूर जिल्ह्यातल्या कोट्टियूर इथली एक अल्पवयीन मुलगी बाळंत झाली. मूल आपलं असल्याचं आधी मुलीच्या वडिलांनी सांगितलं. पोलिसांनी खोदून विचारल्यावर धर्मग्रामाच्या फादरचं, रॉबिन वडक्कुंचेरी याचं, नाव पुढे आलं. एका बापाने स्वतःच्या माथ्यावर हा डाग घ्यायला तयार व्हावं, यासाठी किती दडपण लागलं असेल! नवजात बाळ ज्या वायनाड जिल्ह्यात हलवलं गेलं, तिथल्या बालकल्याण समितीचे अध्यक्षही एक धर्मगुरूच होते. त्यांना पदावरून काढण्यात आलं. खटल्यात मुलगी आणि तिचे आईवडील फितूर झाले. तरीही डीएनए चाचणीच्या आधारावर थलश्शेरीच्या न्यायालयाने २०१९ मध्ये रॉबिनला वीस वर्षांची सक्तमजुरी दिली. उच्च न्यायालयाने ती पुढे दहा वर्षांवर आणली, आणि पोपनी त्याचं धर्मगुरुपद काढून घेतलं. प्रकरण दडपल्याचा आरोप असलेले रुग्णालयातले आणि इतर लोक मात्र कुणी आरोपमुक्त, कुणी निर्दोष सुटले. मौन न्यायालयात सिद्ध करणं अत्याचार सिद्ध करण्याहून कठीण जातं.

रोममध्ये काहीच बदललं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २००१ पासून असं प्रत्येक प्रकरण स्थानिक बिशपांनी व्हॅटिकनकडे पाठवणं बंधनकारक झालं. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक धर्मप्रांतात तक्रारीची व्यवस्था सक्तीची केली आणि झाकपाक करणाऱ्या बिशपांच्या चौकशीचीही रीत घालून दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अशा खटल्यांवरचं ‘पोपकीय गोपनीयते’चं कवच काढलं. डिसेंबर २०२१ पासून चर्चच्या दंडसंहितेत मुलांवरचा अत्याचार हा मानवी प्रतिष्ठेविरुद्धचा गुन्हा मानला जातो. आधी त्याची गणना ब्रह्मचर्यभंगात व्हायची. आपल्याकडे पुण्याची ‘स्त्रीवाणी’ आणि मुंबईच्या व्हर्जिनिया सलढाणा यांच्यासारख्या कॅथलिक स्त्रियांनी चर्चच्या आत राहून हा प्रश्न धसाला लावला आहे. आपल्याच घरातल्यांना जाब विचारणाऱ्या या बायकांना किती बोलणी खावी लागली असतील, याची कल्पना बाहेरच्यांनी करून पाहावी.

आणि या लेखाचा वापर कुणी ख्रिस्ती समाजाकडे बोट दाखवायला करणार असेल, तर त्याने पुढचं वाचावं. गोव्यात मडगावला ‘गुरुकुल’ चालवणारा फ्रेडी पीट्स १९९१ मध्ये पकडला गेला, १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. तो समाजसेवक म्हणून मिरवत असे. मुंबईत कुलाब्याला आणि रायगडात मुरूडला ‘अँकरेज’ निवारागृह चालवणाऱ्या दोघा ब्रिटिशांना २००६ मध्ये शिक्षा झाली, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सोडलं, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा पुन्हा कायम केली. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका निवासी शाळेत आदिवासी मुलींवर अत्याचार झाले, आणि मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवलं नाही असा आरोप झाला. नागपूर खंडपीठाने डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला बालवाडीतल्या दोन चिमुरड्यांच्या पालकांना गुन्हा नोंदवायला तासन्‌तास ताटकळावं लागलं. लोक रुळांवर उतरले, तेव्हा शाळेच्या व्यवस्थापनावर न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. संस्थेचं नाव कोणत्याही देवाचं असो, सुरुवातीच्या काही तासांतलं तिचं वागणं सारखंच असतं.

मुंबईच्या त्या मुलाकडे पुन्हा वळायला हवं. गुन्ह्याची दखल घेतल्यापासून शक्यतो एका वर्षात खटला संपावा, असं पॉक्सोचं कलम ३५ म्हणतं. या मुलाला निकालासाठी सहा वर्षं थांबावं लागलं. मधल्या काळात काय झालं हे त्याच्या आईने बीबीसीला सांगितलं होतं. मिस्सेला गेलं की लोक बोलत नसत; ती जिथे बसे तिथून शेजारचे उठून जात. शेवटी त्यांनी चर्चला जाणं सोडलं, घरही बदललं. हे कार्डिनलनी केलं नव्हतं, व्हॅटिकनने केलं नव्हतं. रविवारी बाकावर बसणाऱ्या, एरवी भल्या असलेल्या माणसांनी केलं होतं. कुठल्याही नियमावलीत याला शिक्षा नाही.

आपल्या भागात काय करता येतं, ते थोडक्यात. ऑगस्ट २०१८ पासून निगडी ते चाकण हा पट्टा पिंपरी-चिंचवडच्या स्वतंत्र पोलीस आयुक्तालयाखाली आहे. १०९८ किंवा ११२ला फोन करता येतो. मुलाला पोलीस ठाण्यात न्यावं लागत नाही: जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि चोवीस तासांत बालकल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. मदतीसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. २०२०च्या पॉक्सो नियमांनी मुलांशी रोज संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेवर, मग ती शाळा असो, वसतिगृह असो की खेळाची अकादमी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि बालसंरक्षण धोरण बंधनकारक केलं आहे. जूनमधल्या पालकसभेत फी आणि बसच्या वेळा यांवर तासभर बोलणं होतं. त्याच सभेत उभं राहून हे धोरण वाचायला मागावं, शाळा फादरची असो, ट्रस्टची असो की महापालिकेची. आणि ते नसेल तर पुढच्या सभेची तारीख तिथेच लिहून घ्यावी.