रेचा, करवत आणि हिंगणघाटची रुई

दिवाळी सरली की वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या बाजार समितीत कापसाच्या गाड्यांची रांग लागते. बोली होते, काटा होतो आणि माल जिनिंगकडे वळतो. तिथल्या लांबलचक शेडमध्ये एकाच ठेवणीची यंत्रं ओळीनं उभी असतात. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि पाळी संपेपर्यंत कामगारांच्या भुवया रुईनं पांढऱ्या झालेल्या असतात.

ही यंत्रं म्हणजे डबल रोलर जिन. चामड्याचे गोल पट्टे घट्ट दाबून बनवलेले दोन रूळ उलट दिशांनी फिरतात. त्यांच्यावरच्या तिरक्या खाचा कापसाचे तंतू पकडून आत ओढतात. रुळाला टेकून एक स्थिर पातं असतं. त्या फटीतून तंतू जातो, सरकी जात नाही. मधलं दुसरं पातं खालीवर हलत अडकलेल्या सरकीला टोले देतं आणि ती जाळीतून खाली पडते. क्विंटलभर कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरते ती मुख्यतः सरकी. रुईची गाठ बांधली जाते, सरकी घाण्यावर जाते आणि ढेप होऊन पुन्हा गोठ्यात येते.

जगातली बहुतेक रुई मात्र अशी निघत नाही. अमेरिकेत, ब्राझीलमध्ये, ऑस्ट्रेलियात बहुतेक ठिकाणी रूळ नसतात, दातेरी चकत्या असतात. त्याला सॉ जिन म्हणतात, म्हणजे करवतीचा रेचा. या दोन यंत्रांतला फरक तंत्राचा आहे हे खरंच. पण वर्ध्याच्या मुलखात रूळ का टिकला आणि करवत का रुजली नाही, हे शोधायला निघालं की वाट अटलांटिकपार जाते आणि थेट गुलामांच्या बाजारात पोचते.

रेचा आपल्याकडे फार जुना. कापूस दोन लाकडी रुळांतून पिळून काढायचा आणि सरकी मागे ठेवायची, एवढीच त्याची युक्ती. त्याहूनही साधी रीत म्हणजे पाटावर कापूस ठेवून त्यावरून लोखंडी सळई फिरवणं. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या एका चित्रात हे काम करणारी बाई अभ्यासकांनी ओळखली आहे. रुळांचे रेचे अठराव्या शतकात अमेरिकेच्या जॉर्जिया किनाऱ्यावरही चालत होते. तिथल्या लांब धाग्याच्या, गुळगुळीत सरकीच्या कापसाला ते पुरत. आतल्या डोंगराळ भागातल्या आखूड धाग्याच्या कापसाची हिरवट सरकी मात्र तंतूंना इतकी चिकटलेली असे, की दिवसभर बसून एक माणूस अर्धा किलो रुई काढी.

१७९३ साली येल विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला इलाय व्हिटनी सव्हाना शहराजवळच्या मलबेरी ग्रोव्ह मळ्यावर उतरला होता. मळा जनरल ग्रीन यांच्या विधवेचा, कॅथरीन ग्रीन यांचा. तिथं त्यानं लाकडी दंडगोलावर तारेचे दात बसवले आणि ते जाळीच्या फटींतून फिरवले. दात तंतू ओढून नेत, सरकी जाळीवर अडे. १४ मार्च १७९४ रोजी त्याला पेटंट मिळालं. दोन वर्षांनी होजेन होम्सनं तारांऐवजी करवतीच्या चकत्या बसवून पेटंट घेतलं आणि यंत्राचं आजचं रूप पक्कं झालं.

यंत्र आलं की माणसाचे कष्ट हलके होतात, असं शाळेत शिकवतात. इथं उलट झालं. सरकी काढायचं काम झपाट्यानं होऊ लागलं, पण कापूस वेचायला हातच लागत होते. जितकी रुई जास्त निघे तितकी जमीन जास्त, आणि जमीन जितकी जास्त तितकी माणसं जास्त. १७९०च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६०च्या जनगणनेत साडेएकोणचाळीस लाख. त्याच काळात कापूस काही हजार गाठींवरून ४० लाखांच्या आसपास गेला. १ जानेवारी १८०८पासून बाहेरून गुलाम आणायला कायद्यानं बंदी झाली, तर देशातल्या देशात नवा बाजार उभा राहिला. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाच्या कापूसपट्ट्यात सुमारे १० लाख माणसं हलवली गेली. कुणाची आई मागं राहिली, कुणाचं मूल.

विदर्भातल्या वाचकाला यातली एक गोष्ट चटकन कळेल. आपल्याकडेही वेचणी किलोवर असते. बाया ओटीत कापूस गोळा करतात, संध्याकाळी तोलून मजुरी ठरते. अमेरिकेच्या मळ्यातही रोज संध्याकाळी काटा होई, पण त्याचा हिशेब पैशात नसे. फसवून पळवला गेलेला आणि १२ वर्षं गुलामीत काढलेला सॉलोमन नॉर्थप यानं १८५३ साली आपली हकिकत छापली. दिवसाला २०० पौंड, म्हणजे ९० किलोच्या घरात, वेचणं अपेक्षित असे, आणि वजन कमी भरलं की चाबूक. एखाद्या दिवशी जास्त भरलं, तर दुसऱ्या दिवशी तोच आकडा मागितला जाई. म्हणून टोपली घेऊन काट्यापाशी जाताना प्रत्येकाच्या पोटात गोळा येई.

अटलांटिकपार चाललेल्या गुलामांच्या व्यापाराचा एकूण हिशेब मांडायलाही जवळजवळ शतक लागलं. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी अमेरिकेतला गुलामांचा व्यापार कसा दडपला गेला, यावरचा प्रबंध १८९६ साली हार्वर्डच्या मालेतून प्रसिद्ध केला. १९६९ साली इतिहासकार फिलिप कर्टिन यांनी पहिल्यांदा आकडे कसून तपासले. पुढे जहाजांच्या नोंदवह्या, विम्याची कागदपत्रं, बंदरांचे जकातपट असं सगळं एकत्र करून सुमारे ३६ हजार सफरींचा कोश तयार झाला. आज तो इंटरनेटवर कुणालाही उघडता येतो. त्यावरून केलेल्या अंदाजाप्रमाणे सव्वा कोट माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजात चढवली गेली आणि एक कोट सात लाखांच्या आसपास पलीकडे उतरली. मधली तफावत समुद्रात गेली. आणि या माणसांच्या मोबदल्यात जहाजं जो माल नेत, त्यात गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचं सुती कापड मोठ्या प्रमाणावर असे. हिंदुस्थानचा या व्यवहाराशी काही संबंध नाही, हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही.

इंग्लंडनं १८०७ साली हा व्यापार बंद केला आणि १८३३च्या कायद्यानं आपल्या वसाहतींतली गुलामगिरी संपवायला घेतली. मात्र मँचेस्टरच्या गिरण्या गुलामांच्याच कापसावर चालत राहिल्या. त्या परावलंबनाची धास्ती असल्यानं ईस्ट इंडिया कंपनीनं १८४० साली अमेरिकेतून १० कापूसतज्ज्ञ हिंदुस्थानात आणले. त्यांच्यासोबत सॉ जिनही आले. सगळं काम गुलामांकडून करून घेण्याची सवय असलेली ही मंडळी स्वतःच्या वावरात, सावकाराच्या कर्जावर पेरणाऱ्या शेतकऱ्याला काय शिकवणार होती! धारवाडकडे करवतीनं थोडा पाय रोवला. बाकी ठिकाणी आपल्या देशी कापसाचा आखूड धागा तिच्या दातांखाली तुटे. शिवाय शेतकऱ्याला सरकी धड हवी होती, बियाण्याला आणि बैलाला. रेच्यानं ती धड मिळे. शेतकरी अडाणी, नवं काही घेत नाही, असे शेरे साहेबांनी मारले. त्या शेऱ्यांपेक्षा शेतकऱ्याचा हिशेब जास्त पक्का होता.

मग १८६१ उजाडलं. गुलामगिरीवरून अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांची चाकं थांबली. १८६० साली इंग्लंडच्या कापसात हिंदुस्थानचा वाटा १६ टक्क्यांच्या आसपास होता, १८६२ साली तो ७५ टक्क्यांवर गेला. मुंबईत शेअर बाजाराला वेड लागलं, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांच्या हातात पैसा खेळू लागला. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीचा. कापूस तोलात जड भरावा म्हणून त्यात पाणी, माती, सरकी कालवण्याचा धंदा इतका बोकाळला, की मुंबई सरकारला १८६३ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

याच धामधुमीत, १८६२ साली, नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला. कचेरी आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होती, १८६६ साली पालकवाडीच्या जागेवर वर्धा शहर आखून तिकडे नेली. वणा नदीकाठच्या हिंगणघाटची रुई तेव्हाच नावाजलेली होती. तिथली ‘बनी’ ही देशी जात धाग्यानं सरस, आणि लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ या नावानं तिचा वेगळा भाव निघे. सरकारनं मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस कमिशनर नेमला, हॅरी रिव्हेट-कार्नाक. चांगल्या बियाण्यात हलकं मिसळू नये, बाजाराला शिस्त असावी, रेल्वे गावाच्या दाराशी यावी, यामागं तो लागला होता.

रेल्वे आली, पण उशिरा. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन पुलगाव-वर्धा करत नागपूरला पोचली ती १८६७ साली. अमेरिकेतलं युद्ध १८६५च्या एप्रिलात संपलं होतं, डिसेंबरात घटनादुरुस्तीनं गुलामगिरी कायमची बंद झाली होती आणि मुंबईचा फुगा फुटला होता. ज्वारीच्या जागी पऱ्हाटी लावून बसलेल्या कास्तकारापुढे आता लिव्हरपूलहून तारेनं येणारा भाव होता आणि मागे सावकार. ‘कापसाची तेजी’ म्हणून या वर्षांबद्दल आपल्याकडे कौतुकानं लिहिलं जातं. तेजी कोणाच्या मुक्तीच्या लढाईतून आली आणि मंदी कोणाच्या अंगावर गेली, हे त्या लिखाणात सहसा सापडत नाही.

ज्याला ते दिसलं तो माणूस पुण्यात होता. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जे केलं त्याचा आदर म्हणून, आणि आपले देशबांधव शूद्रांच्या सुटकेसाठी त्यांचा कित्ता गिरवतील या आशेनं. सगळ्या मुंबईनं त्या यादवीत भाव बघितला, या लेखकानं त्यात न्याय बघितला.

कापसाचा हा धागा वर्ध्यात पुन्हा दिसतो तो सत्तर वर्षांनी. १९३६च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. त्यांना वर्ध्यात बोलावून घेणारे जमनालाल बजाज स्वतः कापसाच्या व्यापारात वाढलेल्या घराण्यातले. वर्ध्यातल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगाचं काम पाहत होते. तिथं १९३८च्या डिसेंबरात मगन संग्रहालय उघडलं. वर्धा शिक्षण योजनेतली मुलं कातायला शिकत, आणि कातण्याआधी सरकी काढायलाही.

१९३६-३७च्या हिवाळ्यात बेंजामिन मेज आणि चॅनिंग टोबायस हे दोन आफ्रिकी-अमेरिकी पाहुणे गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले. म्हैसूरला वायएमसीएची जागतिक परिषद होती, तिच्यासाठी ते हिंदुस्थानात आले होते. मेज यांचा जन्म १८९४चा, साउथ कॅरोलायनाच्या कापूस पिकवणाऱ्या गावातला. आई-बाप दोघेही गुलामीत जन्मलेले. स्वातंत्र्य मिळाल्यावरही घर खंडानं केलेल्या कापसावरच चाललं. ज्या पिकानं आपल्या माणसांना बांधून घातलं, त्याच पिकाचं सूत काढून एक म्हातारा साम्राज्याशी भांडतोय, हे त्यांनी पाहिलं. संभाषण दीड तास चाललं आणि महादेवभाई देसाईंनी ते ‘हरिजन’मध्ये दिलं. अहिंसा म्हणजे गप्प बसणं नव्हे, ती कृती आहे, हे गांधींनी समजावलं.

मेज नुसतं ऐकून घेणारे नव्हते. अस्पृश्यतेशी लढता, मग जातिव्यवस्थेवरच घाव का घालत नाही, असं त्यांनी विचारलं. डॉ. आंबेडकरांचं जातिनिर्मूलनावरचं भाषण त्याच वर्षी पुस्तकरूपानं आलं होतं आणि त्यावर ‘हरिजन’मधून वाद झडला होता. म्हणजे प्रश्न तेव्हा चर्चेतलाच होता, पण तो गुलामांच्या मुलाच्या तोंडून येण्याचं वजन वेगळं. त्याच दौऱ्यात एका शाळेच्या मुख्याध्यापकानं मेज यांची ओळख अस्पृश्य मुलांना करून दिली ती ‘अमेरिकेतला अस्पृश्य’ म्हणून. आधी त्यांना धक्का बसला, मग पटलं. पुढे १९४० साली मेज अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले, आणि तिथं त्यांच्या हाताखाली शिकून गेलेल्यांत मार्टिन ल्यूथर किंग होते.

वर्ध्याहून पुढल्या मोठ्या स्टेशनावर, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात, १९५३ ते १९५६ जेम्स लॉसन नावाचा तरुण आफ्रिकी-अमेरिकी मिशनरी मुलांना खेळ शिकवत होता. किंग यांनी चालवलेल्या माँटगोमेरीतल्या बस बहिष्काराची बातमी त्यानं इथल्याच वर्तमानपत्रात वाचली. मायदेशी परतल्यावर नॅशव्हिलमध्ये उपाहारगृहांतल्या वर्णभेदाविरुद्ध बसून राहायचं शिक्षण त्यानं विद्यार्थ्यांना दिलं.

आणि यंत्राचं काय झालं? करवत इथं रुजली नाही, पण झाड आलं. आज वर्ध्याच्या शेतात उभी असलेली पऱ्हाटी बहुतेक सगळी अमेरिकी जातीची संकरित, २००२नंतर बीटी. हिंगणघाटची ‘बनी’ आता संशोधकांच्या बियाणे-संग्रहात शोधावी लागते. ज्या कापसासाठी व्हिटनीनं दात बसवले, त्याच जातकुळीचा कापूस इथं रुळांवर रेचला जातो. करवत तासाला कितीतरी जास्त रुई काढते, पण रुळावर धागा कमी तुटतो. अमेरिकेतल्या मालकांचं मजुरीचं गणित वेगळं, आपलं वेगळं.

हे डबल रोलर जिन नागपुरात बनतात आणि आफ्रिकेत जातात. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्रही नागपुरातच आहे. भारत सरकारनं २०१२ साली आफ्रिकी देशांसाठी सुरू केलेल्या कापूस साहाय्य कार्यक्रमात बेनिन, माली, बुर्किना फासो, चाड, युगांडा, मलावी, नायजेरिया हे देश होते. बेनिनचं विदा बंदर म्हणजे अटलांटिक व्यापारातल्या सर्वांत मोठ्या गुलाम-बंदरांपैकी एक. जिथून माणसं जहाजात चढवली गेली, त्या किनाऱ्यावर १९९५ साली एक मोठी कमान उभारली आहे. त्या देशातल्या कापसाच्या कारखान्यांत मात्र फ्रेंच राजवटीच्या वळणानं करवतच चालते. पूर्वेकडे, युगांडा-टांझानियात, रूळ चालतात, कारण तिथल्या सुरुवातीच्या अनेक जिनिंग हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनी घातल्या होत्या.