गाडी घरी घडवताना उत्साह टिकवायचा कसा?

हौसेने सुरू केलेले काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी का रखडते आणि ते पूर्णत्वास नेणाऱ्यांनी काय केले, याचा मागोवा.

मीरा रोड असो वा भाईंदर, मोठ्या गृहसंकुलाच्या वाहनतळावर एखादी तरी गाडी अशी उभी असते, की तिच्यावरची ताडपत्री वर्षानुवर्षे निघालेली नसते. त्यांतील काही गाड्या निव्वळ बेवारस असतात. काहींच्या मागे मात्र एखाद्या हौशी माणसाचा अपुरा राहिलेला संकल्प असतो. जुनी जीप नव्याने उभी करायची, आजोबांची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची किंवा दुचाकीच्या इंजिनावर स्वतःची छोटी गाडी बनवायची, अशा इराद्याने काम सुरू होते. पहिले सहा महिने सुट्टीचा प्रत्येक दिवस गाडीखाली जातो. पुढे पावसाळा येतो, एखादा सुटा भाग मिळत नाही, घरात कुणाचे तरी आजारपण निघते आणि काम थांबते. थांबलेले काम पुन्हा सुरू करणे हे नव्याने आरंभ करण्याहून अवघड असते, हे तेव्हा लक्षात येते.

अशा कामात पैसा गुंततो, सोसायटीतील जागा अडते, घरच्यांच्या वाट्याचे रविवार खर्ची पडतात. म्हणूनच उत्साह टिकवण्याचा प्रश्न केवळ मनोबलाचा राहत नाही. काम कसे आखले, कोणते उद्दिष्ट ठेवले आणि अडथळे आधी ओळखले की नाही, यांवर त्याचे उत्तर अवलंबून असते. महाराष्ट्रातील तीन उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत.

तीन कारागीर, तीन शेवट

पहिले उदाहरण इचलकरंजीचे. औपचारिक शिक्षण बेताचेच असलेल्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४०च्या दशकात भारतीय कुटुंबाला परवडेल अशा छोट्या मोटारीचा ध्यास घेतला. त्यांची पहिली गाडी १९४९ मध्ये तयार झाली. पुढे सुमारे पाव शतक ते तिच्या सुधारित आवृत्त्या घडवत राहिले. मागील बाजूस इंजिन असलेल्या या मोटारीचे नाव होते ‘मीरा’. १९७५च्या सुमारास तिची अपेक्षित किंमत १२ हजार रुपये सांगितली जात होती. चिकाटीची यापेक्षा मोठी कसोटी क्वचितच असेल. तथापि ‘मीरा’ कारखान्यातून कधीच बाहेर पडली नाही. परवाने, भांडवल आणि सरकारी धोरण यांच्या त्या काळातील चौकटीत एकट्या कारागिराला उत्पादनाचा टप्पा गाठता आला नाही. गाडी तयार होती, अडले ते गाडीच्या पुढचे.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे. यशवंतराव चव्हाण यांच्या या जन्मगावी दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी जुन्या वाहनांचे भाग आणि भंगार यांतून जीपसारखी छोटी गाडी बनवली. दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणाऱ्या या गाडीसाठी सुमारे ६० हजार रुपये खर्च आला. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत सर्वत्र पोहोचली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी या कल्पकतेचे कौतुक केले. त्याचबरोबर ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ती रस्त्यावर आणण्यास मनाई होईल, हेही स्पष्ट केले. तिच्या बदल्यात त्यांनी नवी ‘बोलेरो’ देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ही अदलाबदल प्रत्यक्षात आली.

तिसरे उदाहरण गाडीचे नव्हे, विमानाचे आहे. परंतु ते मीरा-भाईंदरपासून अवघ्या काही किलोमीटरवरचे आहे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. त्यापूर्वीचे त्यांचे प्रयत्न तडीस गेले नव्हते. २०११ मध्ये त्यांनी नव्याने आरंभ केला. लेथ, वेल्डिंगची यंत्रे आणि जड इंजिन अरुंद जिन्याने वर नेण्यात आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडण्यासाठी हे विमान सुटे करून गच्चीवरून उतरवण्यात आले आणि वांद्रे-कुर्ला संकुलात पुन्हा जोडण्यात आले. त्याची नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, उड्डाणाच्या परवानगीसाठी २०१९ पर्यंत थांबावे लागले आणि २०२० मध्ये धुळे येथे चाचणी उड्डाण झाले. या साऱ्या काळातील मोठा भाग ते वैमानिकाची नोकरीही करत होते. घरची गच्ची आणि कुटुंबाची साथ नसती, तर एवढी वर्षे निभावणे कठीण होते.

मधला टप्पाच घातक

मोठे काम सुरुवातीला किंवा अखेरीस सहसा बंद पडत नाही. ते मध्यावर अडते. मानसशास्त्रात याचे स्पष्टीकरण आहे. सुरुवातीला माणूस किती अंतर तोडले हे पाहतो, शेवटी किती उरले हे पाहतो. मध्यावर दोन्ही टोके दूर असतात आणि आजच्या कष्टाने काही फरक पडला असे वाटेनासे होते. उद्दिष्ट जवळ येताच वेग वाढतो, हे अमेरिकेतील एका साध्या प्रयोगातही दिसले होते. ठरावीक संख्येने कॉफी घेतल्यावर एक मोफत, अशी कार्डे ग्राहकांना देण्यात आली. काहींना दहा चौकटींचे कोरे कार्ड मिळाले, तर काहींना बारा चौकटींचे, पण दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही दहाच कॉफी घ्यायच्या होत्या. तरीही दोन शिक्के मिळालेल्यांनी कार्ड लवकर पूर्ण केले. २००६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

गाडी घडवणाऱ्याने यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. ‘गाडी पूर्ण करणे’ हे एकच उद्दिष्ट समोर ठेवले, तर मध्य फार लांबतो. तेच काम सांगाडा, इंजिन, ब्रेक, सुकाणू, वायरिंग, पत्रा, रंग अशा खंडांत वाटले, तर प्रत्येक खंडाला स्वतःचा शेवट मिळतो. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी २३८ कर्मचाऱ्यांच्या सुमारे १२ हजार दैनंदिन नोंदी तपासून २०११ मध्ये असाच निष्कर्ष मांडला. अर्थपूर्ण कामात थोडी का होईना प्रगती झाली, तर त्या दिवशी माणसाचे मन सर्वाधिक उभारी धरते. उलट, काम मागे गेल्याचा परिणाम प्रगतीच्या परिणामापेक्षा तीव्र असतो. एक ब्रेक सिलिंडर बसवल्याचा आनंद दोन दिवस टिकत असेल, तर तोच गळू लागल्याची निराशा आठवडाभर पुरते.

तासांचा खरा हिशेब

निराशेचे दुसरे कारण चुकीचा अंदाज हे आहे. आपले काम किती दिवसांत होईल याचा अंदाज माणूस जवळपास नेहमीच कमी करतो. डॅनियल काहनेमान आणि अमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. १९९४ मधील एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल, असे विचारण्यात आले. सरासरी उत्तर ३४ दिवसांचे होते. सगळेच बिनसले तर किती, याचे उत्तर सुमारे ४९ दिवस आले. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही अपुरा पडला.

मीरा-भाईंदरच्या नोकरदाराला हा हिशेब अधिकच काटेकोरपणे करावा लागतो. चर्चगेट किंवा अंधेरीची नोकरी करून लोकलने परतणाऱ्याच्या हाती आठवड्याला रविवारचे पाच तास उरतात, असे धरू. सणवार, लग्नकार्ये आणि मुसळधार पाऊस वगळता वर्षाचे ४५ रविवार मिळाले, तर २२५ तास होतात. काम दोन हजार तासांचे असेल, तर त्यास जवळपास नऊ वर्षे लागतील. उरलेल्या सहा दिवसांत रोज अर्धा तास जोडला, तर वर्षाचे ३६० तास होतात आणि तेच काम साडेपाच वर्षांत आटोपते. अर्ध्या तासात वेल्डिंग होणार नाही, हे खरे. परंतु कार्बुरेटर उघडून साफ करणे, वायरिंगचा आराखडा काढणे, नट-बोल्ट मोजून डब्यांत लावणे, पुढच्या रविवारच्या सामानाची यादी करणे, ही कामे घरच्या टेबलावर होतात. यामुळे रविवारचा पहिला तास पाने-पकडी शोधण्यात जात नाही.

शिवाय, हात रोज कामाला लागत असेल, तर काम मनातून उतरत नाही. ‘जमेल तेव्हा करू’ यापेक्षा ‘रात्रीचे जेवण झाले की अर्धा तास’ असा ठरलेला संकेत अधिक उपयोगी पडतो, असे पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले आहे.

जागा, शेजार आणि खारा वारा

पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि उत्तरेला वसईची खाडी असलेल्या या शहरात उघडे लोखंड फार काळ तग धरत नाही. घासून चकचकीत केलेला सांगाडा प्रायमरविना एक पावसाळा राहिला, तर केलेले काम पुन्हा करावे लागते आणि पुन्हा करावे लागणारे काम हाच उत्साहाचा सर्वांत मोठा शत्रू ठरतो. म्हणून जेवढा भाग घासला, तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर लावावा. जून उजाडण्यापूर्वी कोणतेही उघडे काम हाती ठेवू नये आणि पावसाळ्याचे चार महिने घरातील कामांसाठी राखावेत.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. सोसायटीतील वाहनतळ वाहन उभे करण्यासाठी असतो, कार्यशाळेसाठी नव्हे. तेथे वेल्डिंग करणे किंवा पेट्रोल साठवणे धोक्याचे आहे. आवाजाबाबत २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ग्राइंडर ती सहज ओलांडतो. तक्रारींमुळे बंद पडलेले काम पुन्हा उभे राहणे कठीण. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींमध्ये स्टीलची भांडी आणि इतर धातुकामाचे अनेक गाळे आहेत. कापणे, वाकवणे, जोडणे अशी आवाजाची कामे तेथून मजुरीवर करून घेणे आणि जुळणी तेवढी आपल्या जागेत करणे, हा मध्यम मार्ग आहे. सारे काही स्वतःच्या हाताने करण्याचा हट्ट अनेकदा गाडीच अडवतो.

कायद्याची वेस आधी पाहावी

उद्दिष्ट ठरवताना सर्वांत महत्त्वाची बाब कायद्याची आहे आणि नेमकी तीच अनेकांच्या लक्षात शेवटी येते. मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणीविना वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. नवे वाहन नोंदवण्यासाठी त्याच्या नमुन्याची पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या अधिकृत संस्थेकडून चाचणी व्हावी लागते. ही प्रक्रिया उत्पादकांसाठी आखलेली आहे. एका गाडीसाठी ती कोणा हौशी माणसाला परवडणारी नाही. ब्रिटनमध्ये घरी जोडलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला मान्यता देण्याची व्यवस्था आहे. आपल्याकडे विमानासाठी प्रायोगिक वर्गाचा मार्ग उपलब्ध होता, म्हणून यादव यांना तो गाठता आला. गाडीसाठी तसा सोपा मार्ग नाही.

नोंदणीकृत गाडीत मोठे फेरफार करण्यावरही बंधने आहेत. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. मात्र जुनी गाडी मूळ रूपात उभी करणाऱ्यांना वाट मोकळी आहे. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांची ‘विंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होऊ शकते. त्या रोजच्या वापरासाठी मात्र नसतात.

याचा अर्थ घरी गाडी घडवू नये असा नाही. खासगी आवारात चालवण्यासाठी, प्रदर्शनासाठी किंवा शिकण्यासाठी ती जरूर घडवावी. मात्र ‘या गाडीतून कुटुंबाला गावी न्यायचे’ हे स्वप्न मनाशी धरून पाच वर्षे राबल्यावर परिवहन कार्यालयाच्या दारात खरे कळले, तर तो आघात सोसणे अवघड जाते. देवराष्ट्र्याच्या गाडीचे भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

सोडायचे की चालू ठेवायचे?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात केन इम्हॉफ यांनी घराच्या तळघरात लॅम्बोर्गिनीची प्रतिकृती घडवली. त्यास १७ वर्षे लागली आणि शेवटी घराशेजारची जमीन खोदून, भिंत फोडून गाडी बाहेर काढावी लागली. असे किस्से वाचून हुरूप येतो, पण त्यांतून एक गैरसमजही पसरतो, की न सोडणे हाच एकमेव गुण आहे. कधी काम थोपवणे, गाडीचा आकार लहान करणे किंवा ती अधिक वेळ असलेल्या दुसऱ्या हौशी माणसाच्या स्वाधीन करणे हाही शहाणपणाचा निर्णय ठरतो. त्यासाठी काही कसोट्या आधीच ठरवाव्यात. खर्चाची वरची मर्यादा किती, सलग किती महिने काम झाले नाही तर फेरविचार करायचा, घरच्यांचे कोणते दिवस कधीही घ्यायचे नाहीत, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवावे. शांत डोक्याने घातलेली ही मर्यादा पुढे निराशेच्या भरात घेतल्या जाणाऱ्या निर्णयापासून वाचवते.

काम चालू ठेवायचे ठरले, तर नोंदवही आणि छायाचित्रे यांचा मोठा आधार होतो. दर रविवारी त्याच कोनातून एक छायाचित्र घ्यावे आणि दोन ओळींत केलेले काम लिहावे. मध्यावर जेव्हा काहीच पुढे सरकत नाही असे वाटते, तेव्हा वर्षापूर्वीचे छायाचित्र काढून पाहता येते. काम थांबवताना एखादा सोपा भाग मुद्दाम अपुरा ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी कुठून सुरुवात करायची हा प्रश्न उरत नाही. दर सहा महिन्यांनी घरच्यांना आणि शेजाऱ्यांना काही तरी चालते दाखवावे. मग ते केवळ सुरू झालेले इंजिन किंवा पेटलेला दिवा का असेना.

इचलकरंजीची ‘मीरा’ बाजारात आली नाही, देवराष्ट्र्याची जीप रस्त्यावर राहिली नाही आणि चारकोपच्या विमानाला कागदपत्रांसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागले. तरीही तिघांच्या हातून वस्तू पूर्ण झाली. त्यापुढचे यश परवाने, भांडवल आणि नियम यांच्या स्वाधीन होते. ताडपत्रीखालच्या गाडीच्या मालकाने आपल्या स्वाधीन काय आहे, एवढे जरी आधी वेगळे काढले, तरी येत्या रविवारी नेमके कोणते काम करायचे हे त्याला ठरवता येईल.